शनिवारचा प्रश्न

मेहरूसिस्टर आमच्या घरी आल्या त्या सकाळी त्यांनी सगळ्यात आधी माझी पुस्तकं बाहेर काढली. पेशंट कुठे आहे, काय आहे, हे सगळं नंतर. उंबऱ्यातूनच त्यांनी आतल्या खोलीतली तीन कपाटं पाहिली आणि मला विचारलं, "हे समदं वाचलं का तुमी?"

मी म्हटलं, "बरंचसं."

"मंग ठेवलं काहून? धूळ खायला?"

मी इथल्या, औंढ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकांवर धूळ असते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण वीस वर्षांत माझ्या कपाटांबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. तासाभरात शेजारच्या दोघांना हाक मारून त्यांनी कपाटं ओसरीत काढली, पडदे उतरवले, देवघरातली उदबत्ती बंद केली, खिडकीतला चिमणीचा खोपा अख्खा उचलून बाहेर झाडाच्या बेचक्यात ठेवला आणि मग कुठे हात धुऊन पलंगाजवळ गेल्या. "सलाम सर," म्हणाल्या. "मी मेहरुन्निसा. आता खोली तुमची झाली. आधी मॅडमची होती."

सर डोळ्यांनी हसले. मला त्या दिवशी ते अजिबात आवडलं नाही.

सर म्हणजे माझे पती. ते शाळेत गणित शिकवायचे. गावात सगळे त्यांना सर म्हणायचे, आणि लग्नानंतर कधीतरी मीही तेच म्हणू लागले. शाळेतल्या मुलांना घेऊन ते सिद्धेश्वरच्या धरणावर जायचे आणि कोनमापकाला दोरा बांधून भिंतीची उंची काढायला लावायचे. पन्नाशीच्या आत त्यांना एक आजार झाला. त्यात मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचणंच बंद होतं. आधी खडू हातातून पडायला लागला, मग पाय गेले, मग जीभ. शेवटी श्वास. नांदेडच्या एका दवाखान्यात दोन महिने काढून आम्ही त्यांना घरी आणलं, तेव्हा त्यांच्या गळ्यात एक नळी होती, तिला श्वासाचं मशीन जोडलेलं होतं, आणि पोटात दुसरी नळी होती, तिच्यातून पातळ अन्न जायचं. डोळे आणि डोकं मात्र पूर्वीसारखंच लख्ख होतं. मी पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली होती. ओळीवरून बोट फिरवायचं, अक्षर आलं की ते वर बघायचे. वर बघणं म्हणजे हो. डोळे मिटणं म्हणजे नाही. दवाखान्यात त्यांनी त्या पुठ्ठ्यावर पहिलं वाक्य जुळवलं ते असं : 'परत इथे आणू नको.' घरी येताना अँब्युलन्समध्ये मी त्यांना वचन दिलं, नाही आणणार.

घरी ठेवायचं तर शिकलेली नर्स हवी, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मेहरूसिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. औंढ्यातच राहायच्या, एकट्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, ते वारले होते. मुलगी लग्न होऊन परभणीला. सकाळी आठला येऊन संध्याकाळी सहाला जायच्या. बुरखा दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेरच्या चपला बाहेर, आणि पिशवीतून पांढरे कॅनव्हासचे बूट काढून घालायचे. ते बूट फक्त आमच्या घरात चालायचे, रस्ता त्यांनी कधी पाहिला नाही. छातीशी एक घड्याळ टाचलेलं, उलटं, म्हणजे त्यांना सुलट दिसावं असं. आठ म्हणजे आठ. एकदा आठला पाच मिनिटं कमी असताना मी दार उघडलं, तर त्या ओट्यावर उभ्या होत्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "अजून ड्युटी लागली न्हाई." पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मीही दारात. काय बोलावं ते मला सुचेना, आणि त्यांना बोलायचं नव्हतं.

मशीनशी मात्र त्या बोलायच्या. ते ओरडू लागलं की, "आले, आले, बोंबलू नको." गळ्यातला कफ एका बारीक नळीने ओढून काढावा लागतो. ते काम करताना सरांना सांगायच्या, "सर, चोर येऊन राहिला घरात, दहा मोजेपर्यंत जाईल." आणि खरंच दहाच्या आत नळी बाहेर. माझ्या हातून पंधरा व्हायचे. त्या मागे उभ्या राहून मोठ्याने मोजायच्या, "अकरा... बारा..." त्याने मला आणखीच वेळ लागायचा.

सगळं वहीत लिहायच्या. किती पाणी, किती अन्न, किती लघवी हे ठीक. पण मी एकदा वही उघडली तर त्यात होतं : '१०.४० – सर हसले. कारण : मॅडम.' मी विचारलं, "हे कशासाठी?"

"डॉक्टरला कळाया पाहिजे ना, हसू कशानं येतं ते."

"मी काय केलं होतं?"

"मला काय म्हाईत? तुमी आत येऊन चष्मा शोधून राहिल्या होत्या. डोक्यावर होता."

हात धुण्याचं तर विचारूच नका. खोलीत पाय टाकणाऱ्या प्रत्येकाने बाहेरच्या मोरीवर साबणाने हात धुवायचे, आणि तेही तीसपर्यंत मोजून. लोक लबाडी करायचे. एक, दोन, पाच, तीस. यावर सरांनी पुठ्ठ्यावर उपाय सुचवला : 'तेराचा पाढा.' सिस्टरांनी तो लगेच लागू केला. माझी मती गुंग झाली. तहसीलमधले कारकून, शाळेचे मुख्याध्यापक, गल्लीतल्या बायका, सगळे मोरीवर उभे राहून "तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट" म्हणताहेत आणि आत पलंगावर सर डोळे मिचकावताहेत. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मुख्याध्यापक 'तेरा साती'वर दोनदा अडले. मला स्वतःला तो पाढा कधीच नीट आला नव्हता. नवऱ्याला भेटायला जाण्यासाठी मी माझ्याच घरात भिंतीवर पाढा चिकटवला. ज्यांना जमेना ते खिडकीतूनच नमस्कार करून जाऊ लागले. मी रागाने म्हटलं, "अशानं माणसं तुटतील."

"तुटू द्या. जंतू जोडण्यापेक्षा बरं."

त्यातल्या त्यात एक जण न चुकता यायचे, ते नानामामा. सरांचे सख्खे मामा. नागनाथाच्या देवळात त्यांच्या घराण्याकडे सेवा आहे. दर सोमवारी ते तांब्याच्या पंचपात्रात तीर्थ घेऊन यायचे. एका सोमवारी सिस्टर मागे नळ्या उकळत होत्या, मी कॉलेजला जायच्या घाईत होते, आणि मामांनी प्रेमाने एक पळी तीर्थ सरांच्या ओठांत सोडलं. ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात पाणी टाकलं तर काय होतं हे मामांना ठाऊक नव्हतं. सरांचा चेहरा निळसर झाला, मशीन किंचाळायला लागलं. सिस्टर धावत आल्या, मान वळवली, तोंडातून ओढलं, गळ्यातून ओढलं, पुन्हा ओढलं. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा बराच वेळ खालीच राहिला आणि मग सावकाश चढला.

मामा भिंतीला टेकून उभे होते. पळी अजून हातातच होती. आता काय होणार याची मला धास्ती. तीर्थ मामांचं, सिस्टर मुसलमान, आणि खिडकीत दोन शेजारी उभे. सिस्टरांनी हातमोजे काढले.

"मामा, काय दिलं?"

"तीर्थ दिलं माय. नागनाथाचं. विष थोडंच दिलं?"

"किती?"

"एक पळी."

"पळी म्हंजे किती? पाच मिली का धा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टरांनी पळी घेतली, पिचकारीने पाणी मोजलं. "पाच. बरं. पुढच्या सोमवारी बी आना. पर तोंडात न्हाई, पोटाच्या नळीतून. आनि उकळून."

"तीर्थ उकळत्यात व्हय कुठं?" मामांचा आवाज एकदम चढला. "अहो ते तीर्थ हाय, चहा न्हाई!"

"मला म्हाईत हाय काय हाय ते. त्यात किती हात बुडतात ते बी म्हाईत हाय. तुमाला उकळायचं नसंल तर देवळात इचारून या. मी थांबते."

मी मध्ये पडून काहीबाही बोलले, माफी मागितली, कुणाची ते आता आठवत नाही. त्या दोघांनी माझ्याकडे लक्षही दिलं नाही. पुढच्या सोमवारी मामा आले आणि दारातूनच, जरा घुश्शातच म्हणाले, "इचारलं. चालतंय म्हनले." त्यानंतर दर सोमवारी आमच्या गॅसवर एका वाटीत तीर्थ उकळायचं, गार व्हायचं, आणि नळीतून जायचं. वहीत नोंद : 'तीर्थ – ५ मि.ली.' त्या दिवशीच्या पाण्यातून पाच मिली कमी. एका सोमवारी मामा तापाने आजारी होते म्हणून आले नाहीत, तर मंगळवारी सिस्टरांनी त्यांना फोन करून झापलं, "चार्टमधी जागा रिकामी ठेवली मी तुमची."

इथपर्यंत सगळं मी सहन केलं असं म्हणता येईल. शनिवारचा प्रश्न मात्र मला सहन झाला नाही.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी आठवड्याच्या कामांची यादी केली होती. फिल्टर धुणे. गळ्याची पट्टी बदलणे. बॅटरी तपासणे. नखे काढणे. विचारणे. हे शेवटचं 'विचारणे' म्हणजे डॉक्टरांना फोन करणं असेल असं मला वाटलं होतं. पहिल्याच शनिवारी नखं काढून झाल्यावर त्या स्टुलावर बसल्या, ओल्या गॉझने सरांचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सर, छातीत कफ झाला, ताप चढला, डॉक्टर म्हनले न्या, तर नांदेडला न्यायचं का?"

सरांनी डोळे मिटले.

"घरीच ठेवायचं?"

सरांनी वर पाहिलं.

"घरी ठेवलं तर कदाचित वाचनार न्हाई. कळलं ना?"

पुन्हा वर. सिस्टरांनी घड्याळ पाहून नोंद केली. मी त्यांना अक्षरशः दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"असं विचारतात का माणसाला?"

"मंग कोनाला इचारू? कपाटाला?"

"अहो, मी त्यांना वचन दिलंय. विषय संपलाय तो."

"तुमचा संपला. त्यांचा?"

"त्यांनीच सांगितलं होतं मला!"

"तवाचं तवा. मॅडम, मानूस आज एक म्हनतो, उद्या दुसरं. आपन एकदा ऐकायचं आनि जन्मभर तेच धरून बसायचं, असं कसं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वार्डात एक म्हातारी होती. शुद्धीवर. चार लेकं बाहेर बाकड्यावर बसून ठरवून राहिले होते, न्यायचं का ठेवायचं. तीन दिवस. आत येऊन तिला कोनीच इचारलं न्हाई. मी बी न्हाई. मी तर तिथंच होते."

एवढं बोलून त्या नळ्या धुवायला गेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला फक्त संताप आला, की एका म्हातारीचं ओझं या बाई माझ्या नवऱ्यावर दर आठवड्याला टाकणार. आणि त्यांनी टाकलं. दर शनिवारी. संक्रांतीला, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, सरांचा जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला त्या दिवशीसुद्धा. पेढे बाजूला ठेवून, "सर, इचारायचं राहिलं." मी डॉक्टरांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "विचारू द्या हो. सर चिडतात का?" सर चिडत नव्हते. तेच तर मला समजत नव्हतं.

असे सहाएक महिने गेले असतील. एका शनिवारी नेहमीसारखा प्रश्न झाला आणि सरांनी वर पाहिलं.

सिस्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा वर. तिसऱ्यांदा उलटा करून विचारलं, घरी ठेवायचं का, तर डोळे मिटले. सिस्टरांनी लिहिलं : 'उत्तर : हो. न्यावे.' मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. माझ्या वचनाचं काय, असं काहीतरी मला ओरडून विचारावंसं वाटलं. मी पुठ्ठा घेऊन बसले तर सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना बोलायचं नव्हतं.

चार दिवसांनी खरंच ताप चढला. आम्ही त्यांना नांदेडला नेलं. अकरा दिवस अतिदक्षता विभागात. मला दिवसातून दोनदा दहा मिनिटं आत सोडायचे. बाकी वेळ मी नातेवाइकांच्या हॉलमध्ये सतरंजीवर पडून असायची. अकरा दिवसांनी ते बरे होऊन, आणखी वाळून, घरी आले.

दुसऱ्या सकाळी आठला सिस्टर आल्या, सगळं तपासलं, पुठ्ठा हातात घेतला आणि विचारलं, "सर, त्या शनिवारी 'व्हय' काहून म्हनले?"

बोट फिरत राहिलं. अक्षरं एकेक जुळली. 'ही झोपत नाही. तिकडे झोपेल.'

दिवसा सिस्टर असायच्या, पण रात्री मी एकटीच. मशीनच्या आवाजाला कान लावून मी सहा महिने कशी झोपत होते हे मला वाटत होतं कुणाला दिसत नाही. आणि नांदेडच्या त्या सतरंजीवर मी झोपले होते. मेल्यासारखी झोपले होते. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. सिस्टरांना तसलं काही वाटलं नाही. त्या सरांवर उखडल्या.

"सर, गनिताचे मास्तर ना तुमी? प्रश्न तुमचा होता. उत्तर मॅडमचं लिहिलं! दुसऱ्याच्या पेपरात लिहितं का कोनी? अकरा दिवस तकलीफ कोनी भोगली?" मग माझ्याकडे वळल्या. "आनि तुमी! त्या पलंगाशी तोंड एवढं करून उभ्या राहता, त्यांनी काय बघायचं?"

त्या दिवसापासून दोन नवे जुलूम सुरू झाले. एक, कॉलेजातून आल्यावर चार ते सहा मी पलीकडच्या खोलीत झोपायचं. झोप येत नाही म्हटलं तर बाहेरून कडी लावायच्या. हो, कडी. एक ग्रंथपाल बाई, पन्नाशीला टेकलेली, स्वतःच्या घरात कोंडलेली. दुसरा जुलूम असा, की शनिवारी प्रश्नाच्या वेळी मी बाहेर थांबायचं. दार लोटलेलं. मी स्वयंपाकघरात डाळीचे खडे वेचत बसायची आणि कान दाराकडे. मशीनचा आवाज, सिस्टरांची कुजबुज, आणि सरांचं उत्तर तर ऐकू येणारं नव्हतंच.

"काय म्हणाले?" मी विचारायची.

"त्यांनी सांगितलं तर सांगंन."

सरांना विचारलं तर पुठ्ठ्यावर, 'सिस्टरला विचार.' दोघांनी मला चेंडूसारखं इकडून तिकडे टोलवलं. वहीत शनिवारचं पान त्या टाचणी लावून मिटवायच्या आणि संध्याकाळी वही बरोबर घरी न्यायच्या. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, मी त्यांची बायको आहे."

"म्हनून तर," त्या म्हणाल्या.

माझं वचन एका बाजूला, तो एक 'हो' दुसऱ्या बाजूला. आता वेळ आली तर सरांना काय हवंय हे मला माहीतच नव्हतं. चार-पाच महिने मी त्या अज्ञानात काढले, आणि त्याबद्दल त्या बाईंना मी मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही.

मग ते झालं. एका मंगळवारी सकाळी ताप चढला, दुपारपर्यंत सरांना ग्लानी आली. आमचे डॉक्टर आले, छाती ऐकली, मला ओसरीत बोलावून म्हणाले, "न्यायचं असेल तर आत्ताच न्या. संध्याकाळपर्यंत थांबाल तर रस्त्यातच अवघड होईल. नाही न्यायचं ठरलं तर मी इथेच त्रास कमी करायची औषधं देतो." सरांचे मोठे भाऊ, दादा, संभाजीनगरहून फोनवर होते. "अगं, विचार कसला करतेस? गाडी बोलाव!" मी गाडी बोलावली. पिशवीत टॉवेल भरले, फाइल भरली, पुठ्ठा भरला. सिस्टर सरांच्या कपाळावर ओली घडी ठेवत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, चला, एकदा तरी गप्प आहेत.

अँब्युलन्स दारात येऊन थांबली तेव्हा त्या उठल्या. सरांच्या कानाशी वाकून त्यांनी प्रश्न विचारला, तसाच, सावकाश. छातीवरचं घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट वाट पाहिली. पापण्या हलल्या नाहीत. त्यांनी लिहिलं : 'उत्तर आले नाही.' मग शनिवारच्या पानांच्या टाचण्या एकेक काढल्या आणि वही माझ्यापुढे धरली.

"वाचा."

मी उभ्यानेच वाचलं. प्रश्न विचारला, उत्तर : नाही. दोनदा विचारला, उत्तर : नाही. नाही. नाही. एका शनिवारी, 'आज विचारू नका.' पुढच्या शनिवारी पुन्हा, नाही. तीन दिवसांपूर्वीच्या शेवटच्या शनिवारीही, नाही, आणि त्याखाली सरांनी पुठ्ठ्यावर जुळवलेलं सिस्टरांच्या अक्षरात : 'ती गाडी बोलावेल. बोलवू द्या. मग वही दाखवा.'

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"सिस्टर, त्याला सांगा ना," मी म्हटलं. "परत जा म्हणावं."

"मी न्हाई."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"मंग नेऊ आपन. मी बसते संगं गाडीत. पर सांगायचं तुमी. न्या म्हना न्हाईतर जा म्हना."

त्या क्षणी मला त्यांच्याइतकं निर्दय कुणी वाटलं नाही. मी बाहेर गेले. दादा फोनवर होतेच, त्यांचा आवाज माझ्या मुठीतून येत होता. ड्रायव्हरला मी म्हटलं, "न्यायचं नाही. तुम्ही जा." त्याने दोनदा विचारलं, "पक्कं ना, ताई?" मी दोनदा सांगितलं.

सर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास गेले. डॉक्टरांच्या औषधांनी धाप बसली होती. चेहरा शांत होता. मामा जप करत बसले होते, मी हात धरला होता, आणि सिस्टर मशीनवर एक हात ठेवून उभ्या होत्या. ते दोन दिवस त्यांनी आठ ते सहा पाळलं नाही. घरीच गेल्या नाहीत. दादा आले, ओसरीत कपाटांपाशी बसून त्यांनी ती वही सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली आणि मिटून माझ्या हातात दिली. वही माझ्याकडेच आहे.

तेरावं झाल्यावर सिस्टर मशीन न्यायला आल्या. पुसेगावला एक सहा वर्षांची मुलगी दवाखान्यातून घरी येणार होती, तिच्यासाठी. तिच्या वडिलांनी जीप आणली होती. मीच द्यायचं कबूल केलं होतं. तरी त्या नळ्या गुंडाळताना मला बघवेना. दोन आठवडे एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरत होती. मी विचारलं, "सिस्टर, मी बरोबर केलं ना?"

"काय?"

"गाडी परत पाठवली ते."

त्यांनी नळीचं टोक टोपणाने बंद केलं. "तुमी काय केलं त्यात? सरांनी सांगितलं, तुमी ऐकलं."

"पण बरोबर होतं ना?"

"ते सरांना ठाऊक."

"अहो, एकदा तरी हो म्हणा!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेर तो मुलीचा बाप जीपमधून खाली उतरला. "वर्षभर तुमचं सगळं ऐकलं मी. एक शब्द मागतेय तुमच्याकडे. तेवढाही देता येत नाही?"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण चेहरा मात्र चिडलेला होता.

"तुमाला पाहिजे म्हनून मी 'व्हय' म्हनू? सरांनी तेच केलं तवा मी केवढी भांडले त्यांच्याशी. तुमच्यासमोर." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "आनि तुमाला त्या 'व्हय'चा उपेग बी न्हाई व्हायचा. उद्या परत इचारान."

आणि त्यांनी मशीन उचललं. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "धुतले का?"

जीप मागे घेऊन वळायला वेळ लागला, समोर म्हशी होत्या. मी ओट्यावर उभी होते, रागाने अजून कानशिलं तापलेली. सिस्टर पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मशीन मांडीवर. जिथून ते हवा ओढतं तिथे त्यांनी ओढणीचा पदर दाबून धरला होता, रस्त्याची धूळ आत जाऊ नये म्हणून. दुसऱ्या हाताने त्या मुलीच्या बापाला काहीतरी दाखवत होत्या, बोटं मोजत होत्या, एक, दोन, तीन, आणि तो बिचारा स्टिअरिंग सोडून मान डोलावत होता. म्हशी गेल्या तरी त्यांचं संपलं नव्हतं.